एक मशीन, एक काम

खोली भाड्यानं देताना लोक आधी आडनाव विचारतात आणि मग पाणी किती वाजता येतं ते सांगतात. बाईंनी आडनाव विचारलंच नाही. दारातच म्हणाल्या, "हात दाखव." मला वाटलं, भविष्यबिविष्य पाहतात की काय. मी तळवे पुढे केले. त्यांनी ते उलटे केले, नखं पाहिली, दोन्ही करंगळ्या ओढून पाहिल्या आणि म्हणाल्या, "करंगळी चांगली हाय. नखं काप. सामान कधी आणते?"

नागपूरच्या हुडकेश्वरमधल्या त्या घराची वरची खोली मला अशी मिळाली. त्याआधी बऱ्याच घरांनी माझं आडनाव ऐकून "घरात विचारून कळवतो" असं सांगितलं होतं. त्यांच्या घरातलं विचारणं अजून चालू असावं, कारण कळवलं कुणीच नाही. त्यामुळे करंगळीवर खोली देणारी ही बाई वेडी असली तरी आपल्या कामाची आहे, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

बाईंची धरमपेठेत टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. नागपुरातल्या किती कचेऱ्यांमधले किती कारकून त्यांच्या हाताखालून गेले याचा हिशेब त्यांनाही नव्हता. कधी कामानिमित्त त्यांच्यासोबत एखाद्या कार्यालयात जावं, तर टेबलामागचा टक्कल पडलेला साहेब त्यांना पाहून आपोआप ताठ बसायचा. पुढे टायपिंगच्या परीक्षा संगणकावर गेल्या, पोरं येईनाशी झाली, आणि टाइपरायटर भंगारवाला घेऊन गेला. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या. "वजनावर गेले वं सारे. वीणा कोणी किलोवर इकते का?" मग लगेच विषय बदलून मला विचारलं, की जिन्यात चप्पल काहून ठेवली.

मी गेले तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. अंगानं किरकोळ, आवाजानं दणदणीत. कानात कापसाचे बोळे, कारण जगात गरजेपेक्षा जास्त आवाज आहे असं त्यांचं मत होतं. घरातलं घड्याळ पुढे होतं, आणि ते पुढे नसून हुडकेश्वर मागे आहे हेही त्यांचंच मत. बाई चुकल्या असं म्हणायची त्या घरात सोयच नव्हती. एकदा कूलरच्या माणसानं सांगितलं की पंप उलटा बसवलाय. बाई म्हणाल्या, "उलटा नाही, तू त्या बाजूनं पाहून राहिला." तो बिचारा खरंच या बाजूला येऊन पाहायला लागला.

तर या बाईंच्या पुढच्या खोलीत दिवाणावर माणसांऐवजी लॅपटॉप बसलेले असायचे. चांगले नव्हेत. सेलमध्ये 'हलका आणि स्वस्त' म्हणून घेतलेले, शाळा बंद होत्या तेव्हा पोरांच्या ऑनलाइन वर्गांसाठी घाईघाईनं आणलेले, आणि वर्षभरातच घरच्यांच्या मनातून उतरलेले. सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी दिसायचं. त्यातही पहिली सूचना अशी, की नवीन सुधारणा आल्या आहेत पण त्या ठेवायला जागा नाही. असली मशीनं लोक बाईंकडे आणून टाकत. काही जण दान केल्याचा चेहरा करत आणि बाई त्यांना चहासुद्धा विचारत नसत.

"मशीन खराब नाही," त्या सांगायच्या. "त्याच्या डोक्यावरचं ओझं खराब हाय. बकरीले नांगर जुंपला अन् म्हणते, बकरीत दम नाही."

हे ओझं उतरवायची विद्या त्यांना एका जुन्या विद्यार्थ्यानं दिली. तो कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. त्यानं एक पेनड्राइव्ह आणून दिला आणि सांगितलं, "बाई, हे लिनक्स. मशीन चालवाची सिस्टिम. फुकट असते, हलकं असते, आन् बरंचसं टाइप करूनच चालते." बाईंचं इतर काही ऐकण्यात लक्ष नव्हतं, पण शेवटचं वाक्य त्यांनी कापूस असूनही ऐकलं. काळ्या पडद्यावर त्यांनी पहिली आज्ञा टाइप केली, त्यात एक अक्षर चुकलं, आणि मशीननं ती मुकाट्यानं नाकारली. बाई खूश. "चुकलं की ऐकतच नाही! असा शिस्तीचा विद्यार्थी मले एवढ्या वर्सांत नाही भेटला."

त्यानंतर बाईंनी मागे पाहिलं नाही. मशीन आलं की आधी मालकाला तीन वेळा विचारायचं, यातलं काही ठेवायचं आहे का. फोटो असले तर बाजूला काढून द्यायचे. मग सगळं पुसून त्यावर सर्वात हलकं लिनक्स चढवायचं. सावल्या, सरकणाऱ्या खिडक्या, नाचणारी चित्रं, सगळं बंद. ब्राउझरवर त्यांचा विशेष राग होता. "हा पंगतीत पयले बसते आन् शेवटी उठते. बाकीच्याइले काय उरंन?" दोन जीबी मेमरीच्या मशीनमध्ये ब्राउझर ठेवायचा की नाही यावर त्यांनी शेजारच्या रिटायर्ड सरांशी महिनाभर अबोला धरला होता. मे महिन्यात नागपुरात माणसं वितळतात तेव्हा ही पंखा नसलेली मशीनं स्टीलच्या ताटात ओळीनं मांडलेली असत, आणि बाई जाता येता त्यांच्या पाठीवर तळहात ठेवून पाहत, लेकराचा ताप पाहावा तशा.

पण मशीन तयार झालं म्हणजे मिळालं असं नव्हतं. बाईंचा दंडक होता, एक मशीन, एक काम. मागायला आलेल्या माणसानं ते एक काम सांगायचं. ते पटलं तर मशीन त्या कामापुरतं सजवलं जायचं, आणि दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीवर कामाचं नाव लिहून ती पट्टी झाकणाला लावली जायची. पैसे नाहीत, काही नाही. फक्त काम सांगा.

हे सोपं वाटतं, पण भल्याभल्यांची त्यात दांडी उडायची. एक गृहस्थ गाडीतून आले. बाईंनी विचारलं, "कायच्यासाठी पाहिजे?" ते म्हणाले, "असंच, जनरल. सगळंच करता येईल."

"सगळंच म्हंजे काय?"

"म्हणजे... सगळं."

"मंग मोठं घ्या ना बाप्पा. माह्याकडे सगळंच नाही भेटत." आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं, बाई, बिचारे एवढ्या लांबून आले होते. त्या म्हणाल्या, "ज्याले काम सांगता येत नाही त्याले मशीन देऊन फायदा नाही. तो उद्या मशीनवर सिनेमा पाहीन, परवा मशीनले शिव्या देईन."

ज्यांना काम सांगता आलं त्यांचं मात्र सोनं झालं. अबोला संपल्यावर रिटायर्ड सरांनी मान खाली घालून सांगितलं, "बुद्धिबळ." मला वाटलं, आता बाई भडकतात. पण त्या गंभीरपणे म्हणाल्या, "खेळणं बी कामच हाय," आणि सरांच्या मशीनमध्ये पट आणि सोंगट्या सोडून दुसरं काही ठेवलं नाही. माझा भाऊ नरखेडकडे संत्र्याच्या बागा सांभाळतो. त्याला त्यांनी एक मशीन दिलं, त्यात फक्त पानांचे फोटो, आणि प्रत्येकाखाली रोगाचं नाव अन् औषध. कीड लागलेलं पान, पिवळं पडलेलं पान, डिंक्या होऊन डिंक गळणारं खोड. गावात नेट असो नसो, भाऊ बागेतलं पान तोडून आणायचा, पडद्याशेजारी धरायचा आणि बाणाची कळ दाबत जायचा. आजूबाजूच्या गावांतले लोक मोटरसायकलीवर खिशात पानं घालून त्याच्याकडे यायला लागले. पट्टीवर बाईंनी लिहिलं होतं, 'पान'. लोकांना ते मशीन विड्याच्या पानाच्या टपरीचं वाटायचं, पण बाईंनी पट्टी बदलली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे. रविवारी वंदनेला येणाऱ्या म्हाताऱ्या बायांना पुस्तिकेतली अक्षरं दिसत नसत, मग त्या आठवेल तेवढं म्हणत आणि उरलेलं पुटपुटत. मी ही गोष्ट सहज बाईंना सांगितली. बाई कधी विहारात गेलेल्या नव्हत्या. पण दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून पुस्तिका मागून घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं टाइप करून काढलं, पाली भाषेतलंसुद्धा. "समजत नाही मले. पण चुकलं तर दिसते." विहारातल्या जुन्या टीव्हीला ते मशीन जोडलं. पडद्यावर तळहाताएवढी अक्षरं. स्पेसबार दाबला की पुढचं पान, बस. तो बार दाबायचं काम पहिल्या बाकावरच्या आजींकडे आलं आणि त्या आजी एका रविवारात एवढ्या मोठ्या झाल्या, की दुसऱ्या कुणाला त्या मशीनच्या आसपास फिरकू देईनात.

आता माझं. मी सरकारी भरतीची लेखी परीक्षा पास झाले होते. लिपिकाची जागा. फक्त मराठी टायपिंगची चाचणी उरली होती. पास झाले तर नोकरी, नापास झाले तर यादीतला पुढचा उमेदवार. पुढच्या वर्षी मी वयात बसत नव्हते, म्हणजे ही शेवटची संधी. माझ्याकडे भाऊजींनी दिलेलं एक असलंच मशीन होतं, ज्यावर सरावाचं पान उघडायच्या आत माझा सरावाचा उत्साह संपायचा. मी ते खाली नेलं.

"काम सांग," बाई म्हणाल्या. मी त्यांची भाडेकरू होते, रोज त्यांच्या हातचा चहा पीत होते, तरीही.

"टायपिंग."

"बस?"

"बस."

त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कितीतरी वर्षांनी त्यांच्या घरी टायपिंग शिकायला कुणी आलं होतं. त्यांनी मशीन ठेवून घेतलं आणि दोन दिवसांनी परत दिलं तेव्हा त्यात काहीच उरलं नव्हतं. झाकण उघडलं की पांढरा कागद, एवढंच. ना घड्याळ, ना मेन्यू, ना माउस. "उंदीर घरात नको," म्हणाल्या. मराठी अक्षरं मशीनमध्ये कळांवर निरनिराळ्या पद्धतींनी मांडता येतात. बाईंनी त्यांच्या इन्स्टिट्यूटमधल्या टाइपरायटरवर होती तशी, अक्षराला अक्षर, मांडणी बसवली आणि बाकीच्या सगळ्या मांडण्या अडगळ म्हणून काढून टाकल्या. आणखी एक करामत केली होती. प्रत्येक कळ दाबली की मशीनमधून 'टक' असा आवाज यायचा, खऱ्या टाइपरायटरसारखा. मला वाटलं, म्हातारीची हौस. पण तो आवाज माझ्यासाठी नव्हता.

शिकवताना बाई कानातला कापूस काढायच्या. मी पुढच्या खोलीत टाइप करायची आणि त्या स्वयंपाकघरात भाजी चिरत मजकूर सांगायच्या. माझ्या हातांवर नॅपकिन टाकलेला, म्हणजे कळांकडे पाहायला नको. पडद्याकडेही पाहायचं नाही. "पाहून टाइप करणारा माणूस म्हंजे बोट धरून चालणारा. सोड." आणि एखाद्या अक्षरावर मी जराशी अडखळले, की आतून आवाज यायचा, "उजवी अनामिका! झोपली का?" टक-टकच्या तालावरून त्यांना कोणतं बोट उशिरा पडलं ते कळायचं. एकदा त्यांच्या मनासारखं होईना म्हणून त्या ओल्या हातानंच बाहेर आल्या, मला उठवलं आणि स्वतः बसल्या. तो वेग मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वेगळे टक ऐकूच येत नव्हते. तव्यावर मोहरी तडतडावी तसा एकसलग आवाज, आणि त्यांचे डोळे खिडकीबाहेर, भाजीवाल्यावर. शेवटचं अक्षर पडलं आणि त्याच दमात त्या ओरडल्या, "अरे, मेथी हाय का?" पडद्यावर पानभर मजकूर होता आणि त्यात एक चूक नव्हती.

माझा हात बसत गेला. मी अंगापिंडानं साधी मुलगी, पण त्या दिवसांत हुडकेश्वरच्या बसस्टॉपवर मी कलेक्टरसारखी उभी राहायची.

चाचणीला दीड महिना राहिला असताना उमेदवारांना एकदा केंद्रावर येऊन सराव करायची मुभा मिळाली. केंद्र धरमपेठेतच, एका संगणक वर्गात. मी नखं कापून गेले. पाठ ताठ. समोर छापील उतारा. घंटा झाली आणि मी सुरू केलं. शिकवलं होतं तसं, नजर उताऱ्यावर, पडद्याकडे ढुंकून पाहिलं नाही. इतकं सुंदर टायपिंग मी कधी केलं नव्हतं. आजूबाजूची पोरं चाचपडत होती आणि मी सुसाट. वेळ संपली, तेव्हा मी पहिल्यांदा वर पाहिलं.

पानभर कचरा होता. एक शब्द लागत नव्हता. जिथे काना हवा तिथे क, वेलांट्या भलत्याच अक्षरांना लोंबकळत होत्या. तिथला देखरेखीचा माणूस माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि त्यानं अगदी सभ्यपणे विचारलं, "ताई, ही कोणती भाषा आहे?"

त्या केंद्रात एकच मांडणी होती, नवी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. चाचणीही त्यावरच. "जाहिरातीत लिहिलं आहे की," तो म्हणाला. लिहिलेलं होतंच. ती जाहिरात मी बाईंना वाचायला दिली होती, आणि बाई म्हणाल्या होत्या, "हे दरवेळी असंच काहीबाही लिहितेत. मशीन बदलते, मराठीची मांडणी नाही बदलत."

बसमध्ये मी रडले नाही, कारण मला फार राग आला होता. घरी पोचले तेव्हा बाई ताटातली मशीनं पुसत होत्या.

"त्याइचं मशीन बिघडलं असंन," माझं ऐकून त्या म्हणाल्या.

"मशीन नाही बिघडलं, बाई! तिथं सारेच तसे. तुम्ही मले दुसरं काही दिसूच नाही दिलं! बाकी सारं काढून टाकलं, अडगळ म्हणून. मले काय माहीत, आणखी काही असते म्हणून?"

मी त्यांच्यासमोर आवाज चढवलेला ती पहिली वेळ. मला वाटलं, आता उलटा पंप निघतो. पण बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांनी जाहिरात मागितली. चष्मा लावून ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी वर जाऊन अंथरुणावर पडले. वर्षानुवर्षं सांभाळलेली नोकरीची आशा हातातून निसटत होती आणि तिच्यामागे दुसरी कोणतीही गोष्ट उभी नव्हती. भाऊ गावाकडे सगळ्यांना सांगून बसला होता, की बहीण नागपुरात सरकारी ऑफिसात लागली.

सकाळी खालून टक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. कुणीतरी नवशिक्या, मला वाटलं. इतक्या सकाळी बाईंकडे कोण शिकायला आलं? मी खाली गेले. बाई माझ्या मशीनसमोर बसल्या होत्या आणि नॅपकिन त्यांच्या स्वतःच्या हातांवर होता.

"ये," त्या वर न पाहता म्हणाल्या. "चूक माही हाय वं. जाहिरात मी वाचलीच नाही, मनातलंच वाचलं. मशीन तर एका ओळीत सुधरलं. नवी मांडणी टाकली त्याच्यात. आता आपण दोघी सुधरायच्या."

"तुम्ही कायले, बाई? मी शिकते ना."

"जे मले येत नाही ते मी शिकवत नाही." त्यांनी एक कळ दाबली, पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःच्याच हातावर चापट मारली. "आन् तू कुठी अडखळशीन ते माह्या बोटाले आधी कळलं पाहिजे."

मग ते सुरू झालं. पहाटे बाई धडा शिकायच्या, संध्याकाळी मी. मी तेव्हा एका दुकानात बिलं करायची, तिथून थेट खाली. बाई एका धड्यानं पुढे, मी मागे. माझा जुना हात काही महिन्यांचा होता. बाईंचा पन्नास वर्षांचा. टाइपरायटरवर ह्रस्व वेलांटी कागदावर दिसते तशी आधी मारायची आणि मग अक्षर. नव्या मांडणीत आधी अक्षर, मग वेलांटी, बोलतो त्या क्रमानं. एवढ्याशा उलटापालटीनं बाईंना सळो की पळो करून सोडलं. बोटं सवयीनं धावायची आणि वेलांटी मागच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायची. शेवटी त्यांनी त्यावर एक वाक्य तयार केलं, 'गिरिजा किती किलो मिरची विकते'. सकाळपासून त्या गिरिजेला मिरची विकायला लावायच्या. भाजीवालासुद्धा विचारायला लागला, ही गिरिजा कोण?

मला त्यांची दया येत नव्हती, हेही सांगते. बाई दया येण्यासारख्या नव्हत्याच. एखादी पहिलवान बाई नवा डाव शिकते तशा त्या चिडून, पेटून शिकत होत्या. त्यांनी चुकणाऱ्या जोडाक्षरांचे वेगळे धडे पाडले. जिथे त्यांचं बोट आदल्या दिवशी घसरलं तिथे मला दुसऱ्या दिवशी आधीच सावध केलेलं असायचं. हळूहळू मी त्यांच्या पुढे गेले. ज्या दिवशी पहिल्यांदा गेले, त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या नाहीत. नुसता विळीचा आवाज येत राहिला.

चाचणीच्या दिवशी त्या माझ्यासोबत बसनं आल्या. केंद्राबाहेर कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या आणि कानातला कापूस काढून पदराच्या टोकाला बांधला. आतल्या बंद काचांच्या खोलीतलं काही बाहेर ऐकू येणं शक्य नव्हतं. पण मी बाहेर आले तेव्हा त्या मान तिरकी करूनच उभ्या होत्या.

"कसं झालं?"

"माहीत नाही."

"पडदा पाह्यला का मधात?"

"नाही."

"मंग झालं," बाई म्हणाल्या आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडायला लागल्या.

यादीत माझं नाव आलं. मी संत्रा बर्फीचा डबा घेऊन खाली गेले, भावाला फोनवर धरूनच. तो तिकडून ओरडत होता, बाई इकडून त्याला विचारत होत्या की मशीनवरची धूळ पुसते का नाही. आनंदानं माझ्या अंगात कुठली हिंमत आली कोण जाणे, फोन ठेवला आणि म्हटलं, "बाई, एक डाव तुमची जुनी मांडणी लावा ना. तो वेग ऐकाचा हाय मले."

त्यांनी मशीन जवळ ओढलं. एक ओळ बदलली. नजर खिडकीबाहेर नेली आणि सुरू केलं. टक. टक-टक. टक. थांबल्या. मनगटं झटकून पुन्हा सुरू केलं. तेच. मी पडद्याकडे पाहिलं. अर्धं जुन्या मांडणीतलं, अर्धं नव्या, ना धड हे ना ते. बाईंनी चष्मा लावून ते वाचायचा प्रयत्न केला आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला.

"पाह्य वं! मलेच वाचता नाही येऊन राहिलं."

मला हसू आलं नाही. मला समजलं. दोन्ही मांडण्या एका हातात ठेवण्याचं त्यांचं वय उरलं नव्हतं. माझी नोकरी ज्या दीड महिन्यात उभी राहिली, त्याच दीड महिन्यात त्यांनी अर्ध्या नागपूरला शिकवलेला तो हात माझ्यासाठी मोडून टाकला होता, आणि त्यांना हे मधेच केव्हातरी कळलं असणार. स्वतःच्या हाताचा टकही त्या रोज ऐकत होत्या. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"रडते कायले?" बाई म्हणाल्या. "डबा उघड. बर्फी नरम पडंन." त्यांनी दोन वड्या खाल्ल्या, तिसरी रिटायर्ड सरांसाठी बाजूला ठेवली आणि मशीनमधली ती ओळ पुन्हा बदलून नवी मांडणी लावली.

पुढच्या सोमवारी मला ऑफिसात रुजू व्हायचं होतं. नवी साडी नेसून मी जिना उतरले तर बाई मशीनसमोर बसलेल्या, नॅपकिन हातांवर, पाठ ताठ. "मलेही वेग पाहिजे ना आता," म्हणाल्या. "गिरिजेनं लय मिरच्या विकल्या. दुसरं काही सांग." मी घड्याळ पाहिलं. ते पुढे होतं, म्हणजे थोडा वेळ होता. मी पर्स बाजूला ठेवली, टेबलावरचा पेपर उचलला, आणि बाईंना पहिलं वाक्य सावकाश, एकेक शब्द तोडून, वाचून सांगायला लागले.